एकावन्नचं दार

१९५१च्या शेव्हरोले ३१०० पिकअपचं दार लांबूनही ओळखता येतं. आदल्या वर्षीपर्यंत या गाड्यांच्या दारांना पुढची छोटी तिकोनी खिडकी नव्हती. जरा ढकलली की वारा आत येतो ती खिडकी एकावन्न साली आली. बाहेरची मूठ मात्र एकावन्नपर्यंत खाली वळवून उघडायची होती, बावन्नपासून तिथे बटण आलं. म्हणजे तिकोनी खिडकी आणि वळवायची मूठ, दोन्ही एका दारावर असतील तर ते दार एकावन्नचंच. असं दार खालून कुजलं आणि गाडीच्या मालकाने विचारलं, ‘दुसरं बसवू या का?’ तर माझा पहिला प्रश्न असतो, दुसरं कुठून आणणार? शेजारच्या सालांची दारं बसवता येतील, पण मग गाडी एकावन्नची दिसणार नाही.

मी मिशिगनमध्ये राहते, फ्लिंटपासून मोटारने तासाभरावर. माझी नोकरी सगळी प्रेस शॉपमध्ये गेली, आधी पिंपरी-चिंचवडला आणि मग इथे. सपाट पत्र्याला आकार देणाऱ्या डाय जमवायच्या, पहिले तुकडे तपासायचे, पत्रा कुठे फाटतो, कुठे सुरकुततो ते शोधायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या वडिलांची पिकअप दाखवली आणि हात पुन्हा पत्र्याला लागले. शाळेत शिकवणारा हा माणूस, गाड्यांतलं त्यांना फारसं कळत नाही. पण वडिलांनी ही गाडी नवी घेऊन शेतावर वापरली होती, तेव्हा ती मोडीत द्यायची नाही एवढं त्यांचं ठरलेलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारखांबावर अनुक्रमांकाची पाटी आहे आणि तिच्यावरचा पहिला आकडा १. शेव्हरोलेच्या त्या काळच्या पद्धतीत १ म्हणजे फ्लिंटचा कारखाना. या पाटीला ग्राइंडर लागता कामा नये आणि खांब बदलताना ती हरवता कामा नये. अमेरिकेत गाडीची ओळख सांगणारी पाटी खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. आम्ही कामाला हात लावण्याआधी तिच्यावर जाड चिकटपट्टी लावून ठेवली.

ही पिढी शेव्हरोलेने १९४७च्या उन्हाळ्यात बाजारात आणली आणि १९५५च्या सुरुवातीपर्यंत बनवली. गोलसर केबिन, १९५३पर्यंत दोन तुकड्यांची पुढची काच, तोंडावर पाच आडव्या पट्ट्या, २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. मागच्या हौद्याला लाकडी फळ्यांचा तळ आणि फळ्यांच्या मधे पोलादी पट्ट्या. शेव्हरोले हे नाव मुंबईला परकं नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याला पत्र्याचं काम करणाऱ्या माझ्या मामाच्या हाताखालून अशा जुन्या अमेरिकन ट्रकची कितीतरी मडगार्डं गेली. तेव्हा तयार तुकडा विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मडगार्ड फाटलं की सपाट पत्रा घ्यायचा, वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीने खोलगट करायचा, मग लोखंडी हातोडी आणि डॉलीने, म्हणजे मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने, गुळगुळीत करायचा. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसत असे. मामा कामाचा क्रम ठणकावून सांगायचा, ‘अगं पोरी, आधी दार टांग, मग गॅस पेटव.’ त्या वाक्यात या सगळ्या कामाचं मर्म होतं हे मला पुढे प्रेस शॉपमध्ये कळलं.

इथल्या गाड्या कुजतात त्या मिठाने. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे साडेतीनशे मीटरवर मिठाची खाण आहे आणि रस्त्यावरचा बर्फ वितळवायला खनिज मीठ वापरणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांत डेट्रॉइट होतं, १९४० साली. बर्फाचं पाणी मीठ घेऊन चाकांनी उडतं आणि पत्र्याच्या सांध्यात शिरतं. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी गाडी आतून ओलीच राहते. पण सगळा दोष मिठाचा नाही. त्या काळी केबिनच्या पोकळ भागांत आतून रंग जेमतेम पोचायचा. दाराच्या काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं, ते उतरणारच असं धरूनच दार बनवलेलं असतं, आणि तळाच्या भोकांतून ते बाहेर जावं अशी सोय असते. ती भोकं पानांनी आणि धुळीने बुजली की पाणी तिथेच साचतं. केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांतही तेच होतं. तिथे पत्र्याचे दोन थर आहेत, मधे चाकांनी उडवलेली माती भरते आणि वर्षानुवर्षं ओली राहते. म्हणून या पिकअप जिथे जिथे असतील तिथे ठरावीक जागीच कुजतात: केबिनचे कोपरे, दाराखालची सिल, पायाखालचा पत्रा, दारांचा तळ, पुढच्या मडगार्डांची मागची खालची टोकं.

बाहेरून किती कुजलंय ते रंगावरून कळत नाही. आम्ही कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सगळ्या गाडीवरून फिरवलं. ते जिथे धरेना तिथे खाली पत्रा नव्हता, लांबी भरलेली होती. मग हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकत गेलो. चांगला पत्रा वाजतो, कुजका किंवा लांबी भरलेला ठस्स आवाज देतो. शेवटी टोच्याने दाबून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात टोच्या सरळ आत गेला. मालकांचा चेहरा उतरला, पण मला त्यातून कामाची हद्द मिळाली. टोच्या जिथे थांबला त्याच्या दोन बोटं पुढे चांगला पत्रा सुरू होत होता.

या गाडीचा एक मोठा गुण म्हणजे तिचे निम्म्याहून अधिक भाग बोल्टने जोडलेले आहेत. पुढची-मागची मडगार्डं, बॉनेट, फूटबोर्ड, हौद्याच्या बाजू, ‘शेव्हरोले’ अशी उठावाची अक्षरं असलेला फाळका, सगळं सुटं होतं. मागचं डावं मडगार्ड गोठ्याच्या फाटकावर कधीतरी आपटलं होतं, बोल्टची भोकं फाटली होती आणि लांबीचे थर एकावर एक चढले होते. ते आम्ही सरळ बदललं. त्याबद्दल मला जराही हळहळ नाही. मागच्या मडगार्डाला फक्त हौद्याच्या बाजूशी जमवून घ्यायचं असतं, मधे रबरी गोट येतो आणि चार-पाच मिलिमीटरचा फरक त्यात मुरतो. हौद्याच्या फळ्या मागवताना मात्र तपासून घ्यावं लागतं, कारण एकावन्न सालीच मधेच कंपनीने नऊ फळ्यांच्या ऐवजी आठ फळ्यांचा तळ सुरू केला. साल बरोबर आणि तरी सामान चुकीचं, असं या वर्षात होऊ शकतं.

अवघड गोष्ट आहे ती केबिनची. तिथे सिल, कोपरा, खांब आणि दार एकमेकांना धरून आहेत. दाराभोवतीची फट साधारण पाच मिलिमीटर हवी आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी दिसायला हवी. सिल कुजलेली असते तेव्हा केबिन आधीच थोडी बसलेली असते. ती कापून काढली की दाराची चौकट उरलेल्या आधारावर लोंबकळते. अशा वेळी नवी सिल वेल्ड केली तर वाकडी चौकट कायमची वाकडीच राहते, मग दार कितीही ठोका.

म्हणून आधी बिजागऱ्या. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचललं तर ते हललं. बिजागरीच्या पिना झिजल्या होत्या. त्या बदलल्याशिवाय फट मोजण्याला अर्थ नव्हता. पिना बदलल्या, दार लावलं, चौकटीचं नवं रबरही लावून पाहिलं. जाड रबर दाराला बाहेर ढकलतं आणि ही गोष्ट रंगकाम झाल्यावर लक्षात आली तर रडायची पाळी येते. गाडी सपाट फरशीवर स्वतःच्या चाकांवर उभी, केबिन चासीवर तिच्या रबरी आधारांसकट बोल्टने आवळलेली. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, जॅकने आणि पाचरीने हळूहळू उचलून फट जमवली आणि ती जमल्यावरच दोन खांबांच्या मधे चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करून टाकले. हे आधार दार लावण्याच्या आड येणार नाहीत असे आतून द्यायचे, म्हणजे काम चालू असताना दार हवं तेव्हा लावून पाहता येतं. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की कशाचं माप कशाशी ताडून पाहायचं तेच उरत नाही.

आणखी एक गोष्ट ठिणगी पाडण्याआधी करायची. १९४९पासून या गाड्यांची पेट्रोल टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे उभी असते. कोपऱ्याचं काम तिच्यापासून हातभर अंतरावर चालतं. टाकी रिकामी करून भागत नाही, कारण रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. ती सोडवून गॅरेजच्या बाहेर नेली. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा घासकाम करताना साधं फडकं नाकाला बांधून चालत नाही, योग्य गाळणीचा मास्क लागतो.

बाजारात या पिकअपचे जवळजवळ सगळे तुकडे नवे मिळतात, त्यांतले पुष्कळ तैवानहून येतात. इथे माझी नोकरी कामाला आली. डाय पत्र्याला दाबते तेव्हा पत्रा पूर्णपणे तिचं ऐकत नाही. दाब सुटला की तो थोडा मागे उलगडतो. तो किती उलगडेल ते पोलादाच्या जातीवर, जाडीवर आणि आकाराच्या खोलीवर ठरतं, आणि डाय बनवणारा तेवढा आकार मुद्दाम जास्त देऊन ठेवतो. मूळ कारखान्यात हे सगळं लाखो गाड्यांच्या उत्पादनासाठी घासूनपुसून जमवलेलं होतं. नवा तुकडा बनवणाऱ्यापुढे मूळ डाय नसते, एखादा जुना सुटा भाग असतो, आणि तो भाग पन्नास-साठ वर्षांत स्वतःच थोडा बदललेला असू शकतो. शिवाय कमी दाबात धारदार घडी नीट उमटत नाही, ती गोलसर राहते. आमच्या नव्या कोपऱ्याची खालची घडी जुन्याशेजारी धरली तर डोळ्यांना सरळ दिसत होती, पण बोट फिरवलं की फरक कळायचा. जाडीही वेगळी होती. मूळ पत्रा कॅलिपरमध्ये सव्वा मिलिमीटरच्या जवळ भरला, नवा एक मिलिमीटर. ही निंदा नाही. हे तुकडे नसते तर असंख्य पिकअप भंगारात गेल्या असत्या. मात्र तो तुकडा गाडीच्या मापाला आणावा लागतो. तो आला तसा लावून गाडी त्याच्या मापाला आणायला गेलं की एक चूक दुसऱ्या जागी सरकत जाते आणि शेवटी बॉनेटच्या फटीत येऊन दिसते.

म्हणून मी मालकांना सांगितलं की पूर्ण कोपरा लावायचा नाही. नव्या तुकड्यातून फक्त जेवढं कुजलंय तेवढंच, वर दोन बोटं चांगला पत्रा धरून, कापून घ्यायचं. वरची मूळ गोलाई राहू द्यायची. ती गोलाई म्हणजे आमच्याकडे असलेलं सगळ्यांत भरवशाचं माप होतं.

जुनी सिल काढताना कारखान्यातले स्पॉट वेल्ड शोधले. तारेच्या ब्रशने रंग काढला की ते छोटे गोल खळगे दिसतात. स्पॉट कापायच्या ड्रिलने वरचाच थर कापायचा, खालचा राखायचा. नव्या पट्टीत आठ मिलिमीटरची भोकं पाडून त्याच जागी वेल्ड भरलं. जिथे दोन थर एकमेकांवर बसतात तिथे वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर आधीच लावला, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. नवे तुकडे काळ्या लेपात येतात. तो लेप वाहतुकीत गंजू नये एवढ्यापुरताच असेल तर त्यावर रंग धरत नाही, म्हणून वेल्डच्या जागी तरी तो पूर्ण खरवडला.

कोपऱ्याचा जोड मात्र थरावर थर असा दिला नाही. तसा जोड सोपा असतो, पण त्याच्या मागे एक खाच राहते आणि तिथे पुन्हा पाणी थांबतं. आम्ही कडेला कड भिडवली, मधे मिलिमीटरभर फट ठेवली आणि मिग वेल्डिंगच्या बारीक तारेने एकेक टाका दिला. एक इथे, दुसरा हातभर दूर, तिसरा या टोकाला. सलग वेल्ड ओढायचं नाही. तापलेला पत्रा फुगू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. थंड झाल्यावर तो आकसतो आणि शेजारच्या पत्र्याला ओढून घेतो. सपाट भागात त्याच्या लाटा उठतात. त्यावर उपाय जुनाच आहे. मागून डॉली धरायची आणि वेल्डवर हातोडीने ठोकून आकसलेला पत्रा पुन्हा ताणायचा. टाका, थंड होऊ देणं, ठोकणं, हात फिरवून पाहणं, पुन्हा टाका. हात फिरवताना पातळ सुती मोजा घातला की उंचवटा अधिक स्पष्ट कळतो. मामा त्याच कामाला जुनं सुती फडकं घ्यायचा.

दाराचा तळ हे मला या सगळ्यात सर्वांत आवडलेलं काम. बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्याभोवती करंजीच्या कडेसारखा मुरडलेला असतो आणि गंज त्या मुरडीतच सुरू होतो, कारण दोन थरांच्या मधे शिरलेलं पाणी सहज सुकत नाही. आम्ही मुरड घासून काढली, बाहेरच्या पत्र्याची खालची पट्टी कापली, आतल्या सांगाड्याचा कुजलेला भाग वेगळा केला. आधी आतला भाग जोडला आणि दार चौकटीत लावून पाहिलं. मग बाहेरची नवी पट्टी. तिची मुरड एका दमात मारायची नसते. प्रेसमध्येही ती निदान दोन टप्प्यांत होते, आधी तिरपी, मग पूर्ण बंद. हातानेही तेच करायचं, पूर्ण लांबीवर थोडी थोडी वळवत न्यायची, बाहेरून डॉलीला फडकं गुंडाळून. मुरड अर्धी बंद असताना दार पुन्हा एकदा लावलं. त्या वेळी दाराला हाताने थोडा पीळ देऊन फट सुधारता येते. मुरड पूर्ण बंद झाली की दार ताठ होतं आणि मग ते काही ऐकत नाही. खालच्या मागच्या टोकाला फट जरा जास्त होती, ती याच टप्प्यावर निघाली. तिकोनी खिडकी जागेवर राहिली, वळवायची मूठ जागेवर राहिली. दाराचा वरचा सगळा पत्रा कारखान्यातून आलेला तोच आहे.

त्यानंतरचं सगळं दारापासून पुढे जातं. दार जमलं की पुढचं मडगार्ड दाराला जमवायचं, मडगार्ड जमलं की बॉनेट. रेडिएटरच्या आधाराखाली पातळ पट्ट्या घालून तोंड वरखाली करता येतं. पायाखालचा पत्रा बदलण्यात सांगण्यासारखं फार नाही, तो मॅटखाली जातो आणि मजबूत असला की पुरे.

जोडावर भरण म्हणून पूर्वी कारखान्यातही शिसं-कथलाचा मिश्रधातू वितळवून फासत आणि मामाही तेच करायचा. ते काम पाहायला सुंदर, पण शिशाची धूळ आणि वाफ शरीरात जाते. मी आता ते करत नाही. पत्रा इतका ठोकून घ्यायचा की वर इपॉक्सी प्रायमर आणि लांबीचा पातळ हात पुरावा. लांबी जाड लागत असेल तर पत्र्याचं काम संपलेलं नाही असं समजावं. सांध्यांत सीलंट भरलं, दाराच्या आणि सिलच्या पोटात लांब नळीने मेण फवारलं आणि मग तळाची सगळी भोकं तारेने पुन्हा मोकळी करून घेतली, कारण सीलंट आणि मेण या दोहोंनी ती नेमकी बुजतात. रंग त्या काळी शेव्हरोले ट्रकवर सर्रास असणारा गडद हिरवा, फॉरेस्ट ग्रीन.

डावी बाजू झाली आहे. उजव्या कोपऱ्यातही टोच्या आत जातो, पण तिथलं दार चांगलं आहे आणि सिलचा पुढचा अर्धा भाग वाचेल असं मला वाटतं. आता गॅरेजमध्ये थंडी शिरली आहे. इपॉक्सी प्रायमर साधारण पंधरा अंशांच्या खाली नीट सुकत नाही आणि उघडा पत्रा हिवाळाभर ठेवण्यापेक्षा तो न उघडलेला बरा. त्या बाजूच्या कोपऱ्यातली माती आम्ही आतून उपसून काढली, पाण्याने धुतली आणि हवेचा झोत मारून वाळवली. मे महिन्यात आधी उजव्या बिजागऱ्यांच्या पिना बदलायच्या, आणि मग आधाराचे पाइप उजव्या चौकटीत लावायचे.